आधी जेवणारी बाई

घरात कुणाचाही चहा व्हायच्या आत मी दोन चपात्या आणि गूळ खाते. अंघोळीच्याही आधी, देवापुढे दिवा लागायच्याही आधी. आमच्या घरात असं आजवर कुठल्याच बाईनं केलेलं नव्हतं. आता मी रोज करते, त्यामुळे गावातली माझी ओळख बदलली आहे. पूर्वी मी रोपवाटिकेवाली शोभाताई होते. आता 'ती आधी जेवणारी'.

माझ्या आजाराचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात 'सीपीटी-टू' म्हणतात. स्नायूंचा आजार आहे, जन्मापासूनचा, आईबापांकडून आलेला. त्यावर गोळी नाही. बरा होत नाही, सांभाळता येतो. लिहायला बसले ते एवढ्यासाठी की हा आजार ज्यांना आहे त्यातल्या बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसणार. मला सत्तेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. पुस्तकातली माहिती डॉक्टर देतील. मी घरात काय झालं ते सांगते.

उन्हाळी

माझं माहेर श्रीगोंदा तालुक्यातलं, सासरही तिथलंच. दोन्ही गावांमध्ये एक ओढा आणि उसाचं रान. सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. लग्नाआधी मी तिला 'अगं आत्या' म्हणायचे, लग्नानंतर 'अहो आत्या' म्हणायला लागले. माझी आईसुद्धा वडिलांच्या मामाचीच मुलगी. आमच्याकडे याला सोय म्हणतात. माणसं माहितीतली, रान माहितीतलं, पोरीला त्रास होणार नाही.

लहानपणी कांदा काढायला गेले की दुपारपर्यंत मी ठीक असायचे. दुपारनंतर मांड्या दगडासारख्या व्हायच्या, हात लावला तरी ठणकायच्या. संध्याकाळी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. आई म्हणायची, 'उन्हाळी लागली', आणि धने भिजवलेलं पाणी द्यायची. दोन-तीन दिवस पडून राहिले की रंग साफ व्हायचा. श्रेय धन्यांना जायचं.

मी आळशी आहे हे घरात सगळ्यांनी एकमताने ठरवलेलं होतं. कारण शाळेत शंभर मीटर पळायला मी पहिली यायचे. "पळायला बरं येतं हिला, काम म्हटलं की पाय दुखतात," हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी मलाही ते खरं वाटायचं. आता कळतं की हा आजार असाच असतो. थोडा वेळ जोरात काहीही करा, शरीर साथ देतं. तास-दोन तास सलग काम करा, तेही रिकाम्या पोटी, की स्नायू तुटायला लागतात. हे कुणाला माहीत असणार? ज्याचं दुखणं कधी दिसतं आणि कधी दिसत नाही, त्याला आमच्याकडे ढोंगी म्हणतात.

लग्नानंतर मी रोपवाटिका काढली. टोमॅटो, मिरची, झेंडू, कोबीची रोपं. लोकांना वाटतं हौस होती. हौस कसली? बसून करता येणारं, मध्येच थांबता येणारं काम मला हवं होतं. स्टुलावर बसून ट्रे भरायचे, ओच्यात फुटाणे ठेवायचे, येता-जाता तोंडात टाकायचे. "चरती बया," असं आत्या म्हणायच्या. त्या फुटाण्यांनी मला इतकी वर्षं उभं ठेवलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

तिसरी माळ

आमच्या घरचा नवरात्राचा उपवास फराळाचा नसतो, लवंगेवरचा असतो. सकाळी एक लवंग, संध्याकाळी एक, पाणी, आणि फार झालं तर कोरा चहा. पायात चप्पल घालायची नाही. घरातली एकच बाई तो नऊ दिवस धरते, बाकीच्यांनी पहिला आणि शेवटचा दिवस धरला तरी चालतं. आत्यांनी तो त्यांच्या सासूकडून घेतला होता आणि कधी चुकवला नव्हता, हे खरं आहे.

त्या वर्षी आत्यांची शुगर वाढली. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं. शुगर हा आजार सगळ्यांना माहीत आहे, त्याला कागद आहे, गोळ्या आहेत, म्हणून आत्यांना सूट मिळाली. उपवास माझ्याकडे आला.

पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या माळेला, मिरचीची रोपं न्यायला टेम्पो आला होता आणि एक मजूर बाई आलेली नव्हती. मी ट्रे उचलून द्यायला लागले. अर्ध्यावर माझे हात वर जाईनात. मी तिथंच ट्रेच्या चळतीवर टेकले.

"शोभे, तिसऱ्या माळंलाच बसली?" आत्या ओसरीवरून म्हणाल्या. "मी आठव्या माळंला खळं केलंय."

"पाय उचलत नाहीत, आत्या."

"नवरात्रात कुनाचं उचलत्यात? देवी उचलती म्हनून चालायचं."

संध्याकाळी लघवी झाली ती काकवीच्या रंगाची. मी आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली," आणि धन्याचं पाणी करून आणलं. त्यांनी ते मायेनं आणलं होतं, तांब्या हातात धरून मला पाजलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून आत्या दुष्ट वाटतील आणि त्या दुष्ट नाहीत. दुष्ट असत्या तर सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लघवी झालीच नाही. अंगाला सूज आली, ओकाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा माझे यजमान, भाऊसाहेब, गाडी घेऊन आले.

नगर

दवाखान्याच्या पाटीवर आणि कागदावर अहिल्यानगर, सगळ्यांच्या तोंडात नगर. तिथं कळलं की माझे स्नायू विरघळून रक्तात आले आहेत आणि तो गाळ मूत्रपिंडात अडकला आहे. लगेच डायलिसिस.

तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारले. दारू पिता का? साप चावला? कुणी मारहाण केली? हा प्रश्न विचारताना त्यांनी भाऊसाहेबांना बाहेर काढलं. झाडपाल्याचं औषध? जड वजनाचा व्यायाम? मी सगळ्याला नाही म्हटलं. उपवासाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उपवास आजाराच्या प्रश्नात येतो असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तो आमच्याकडे पाप-पुण्यात येतो.

डायलिसिसच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर खर्डा गावच्या शमीमभाभी असायच्या. जत्रांमध्ये बांगड्या विकायच्या. त्यांचं डायलिसिस कायमचं होतं. पहिल्या दिवशी मला नळ्या लावत असताना त्यांनी मान वळवली.

"काय ताई, तुमची बी गाळणी फुटली का?"

मी नळ्यांकडे बघत राहिले.

"पहिल्यांदा हाय म्हनून घाबरल्यात," त्या सिस्टरला म्हणाल्या. मग मला, "मशीन चालू व्हायच्या आधी पांघरून मागून घ्या. नंतर थंडी वाजती, आन् तवा कुनी ऐकत न्हाई. आपल्या घरची गोधडी आनली तर लई बरं. हितल्या चादरीनं थंडी जात न्हाई, आठवन येती थंडीची."

तो सल्ला मी इथं जसाच्या तसा देते, कारण तो कुठल्याही डॉक्टरनं दिला नव्हता. घरची गोधडी न्या. मी काही दिवसांनी त्या यंत्रातून सुटले. भाभी अजून तिथंच आहेत. जाताना मी त्यांचा निरोप घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "परत येऊ नका बरं का. तुमी लई कन्हता."

व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा. "अजून पाच, मावशी. अजून पाच." मी दात खाऊन केलं. संध्याकाळी पुन्हा मांड्या दगड झाल्या, रक्ताची तपासणी पुन्हा बिघडली. त्याचीही चूक नाही. लकवा झालेल्या माणसाकडून 'अजून पाच' करून घ्यावेच लागतात. आमच्या आजारात उलटं आहे. दुखायच्या आधी थांबायचं, थांबून काहीतरी गोड खायचं, मग पुन्हा थोडं करायचं. हे त्यालाही नंतर कळलं आणि मलाही. माझी मुलगी वयात आल्यापासून मी तिला सांगत होते, दात-ओठ खाऊन काम करायला शिक. ते शब्द आता मी घरात काढत नाही.

मुलगी प्राजक्ता, एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे मैदानावर पळून यायची आणि दुपारी माझा डबा घेऊन नगरला. डबा माझ्यापुढे उघडून बसायची. स्वतः खायची नाही.

"तू जेवलीस का?"

"हो गं. तू जेव."

ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. मला वाटलं, आईच्या काळजीनं.

दसऱ्यानंतर घरी आले तेव्हा कळलं. मी दवाखान्यात गेले त्याच दिवशी, घट मोडू नये म्हणून आत्यांनी उरलेल्या माळा प्राजूच्या गळ्यात घातल्या होत्या. लेकरू म्हणून लवंगेची अट काढली होती, भगर आणि साबुदाण्यावर भागवलं होतं. आणि वर एक नवस: आई पुरती बरी होईपर्यंत प्राजूनं मंगळवार धरायचे. दिवसभर काही नाही, दिवेलागणीला जेवायचं.

मी तेव्हा काही म्हटलं नाही. मला उलट बरं वाटलं होतं. मुलगी आपल्यासाठी उपाशी राहते, हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटत नाही?

"बाहेरची न्हाई"

मूत्रपिंड सावरलं, पण डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. रक्त पुण्याला गेलं. हिवाळा सरता सरता निकाल आला आणि पुण्याहून ठरलेल्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. मी, भाऊसाहेब आणि आत्या. आत्या म्हणाल्या होत्या, "मी बी येते. बायामानसांचं दुखनं, पुरुषाला काय कळतंय?"

बाईंनी कागद बाजूला ठेवून साध्या शब्दांत सांगितलं. पोटात धान्य आहे तोवर सगळ्यांचं शरीर त्यावर चालतं. ते संपलं की इतरांचं शरीर चरबी जाळून ताकद करतं. माझ्या शरीरात ते दार बंद आहे. मग स्नायू उपाशी पडतात आणि तुटतात. उपास नाही, रिकाम्या पोटी कष्ट नाहीत, दर थोड्या वेळानं खायचं, तेल-तूप कमी, ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

"गोळी?" भाऊसाहेब म्हणाले.

"जेवण हीच गोळी."

"येवढंच?" आत्या म्हणाल्या. मला त्यांचा आवाज अजून आठवतो. इतक्या दिवसांची धावपळ, आणि शेवटी बाईला जेवायला घाला, एवढंच.

मग बाईंनी विचारलं, "मिस्टर नात्यातले का तुमचे?"

मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी उत्तर दिलं. अभिमानानं दिलं. "माझ्या भावाचीच पोरगी हाय, मॅडम. बाहेरची न्हाई."

"आणि यांचे आईवडील?"

"त्ये बी नात्यातलंच. आमच्यात समदं घरातल्या घरात."

बाईंनी लिहून घेतलं. आत्या लिहिणाऱ्या हाताकडे समाधानानं बघत होत्या, जणू चांगली गोष्ट नोंदवली जात होती.

"मुलं किती?"

"एकच मुलगी," मी म्हणाले. तोवर मला कळायला लागलं होतं.

"तिची तपासणी करा. यांच्या आईवडिलांकडून एका जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली म्हणून यांना आजार झाला. नात्यात लग्न आहे, म्हणजे यांच्या मिस्टरांकडेही तशी एक प्रत असू शकते."

"मला काय बी होत न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. "दिवसभर ऊस तोडतो मी."

"एका प्रतीनं तुम्हाला काही होणार नाही. मुलीला दोन्हीकडून मिळाली असेल तर होईल."

"म्हंजी आमच्या रक्तात खोट म्हना की," आत्या म्हणाल्या.

"रक्त तुमचं आणि यांचं एकच आहे, आजी," बाई म्हणाल्या. त्यांना घाई होती, बाहेर रांग होती.

परत येताना गाडीत श्रीगोंद्याच्या अलीकडे आत्या म्हणाल्या, "हे कुनाला सांगायचं न्हाई. पोरीचं लगीन व्हायचंय. शोभेला मुतखडा झालाय म्हनायचं. मुतखड्याला कुनी नाव ठेवत न्हाई."

"आणि तपासणी?" मी विचारलं.

"बघू," भाऊसाहेब म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. फक्त कुणाला नाही म्हणावं लागत नाही.

खायचा आजार

मी गावभर फिरून सांगितलं नाही, पण सकाळी सहाला ताट घेऊन बसणारी बाई लपून राहत नाही. "खायचा आजार झालाय म्हनं शोभेला," असं विहिरीवर बोललं गेलं. एका भावजयीनं तोंडावर विचारलं, "असला आजार आम्हाला कधी व्हायचा गं?" मी म्हणाले, "तुला दिला असता, पण आमच्यात घरातल्या घरातच वाटायचा असतो."

आत्यांना माझं खाणं बघवत नसे. बाई सगळ्यांना वाढून, भांडं पुसून, उरलंसुरलं घेऊन बसते, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. मी खाताना त्या पाठ फिरवून बसायच्या. मी घटस्थापनेला, वटपौर्णिमेला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुणाशी भांडून नाही, नुसतं ठरवलं. हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना शेजारणीचा हात जरा थबकला, तेव्हा मी समजले.

प्राजूशी मी सरळ बोलले.

"तपासणी करून घे."

"भरती होऊ दे. मग करू."

"आधी का नको?"

"काही निघालं तर मेडिकलला बाहेर काढतील, आई. एवढी वर्षं पळतेय मी."

ती खोटं बोलत नव्हती. गावातल्या पोरींना पळून पळून जे एकच दार उघडतं, ते ती स्वतःच्या हातानं कसं लावून घेणार? मी म्हणाले, "मग पळायच्या आधी खात जा. आणि ते मंगळवार बंद."

"खाऊन पळालं की पोटात दुखतं."

"दुखू दे."

"बरं."

मी पहाटे तिच्यासाठी चपाती-गुळाची गुंडाळी करून ठेवायला लागले. रोज संपलेली असायची. आत्या म्हणाल्या, "मंगळवार बी सोडले तिनं. झालं तुझं समाधान?"

मंगळवार

उन्हाळ्याच्या तोंडावर प्राजूला ताप येऊन गेला. उठली ती थेट मैदानावर. भरतीच्या अकॅडमीच्या सरांनी त्या दिवशी पोरींना मैदानावर नाही, डांबरी रस्त्यानं देवीच्या टेकडीपर्यंत पळवलं. मैत्रिणीनं तिला स्कुटीवरून घरी आणून सोडलं. ओसरीची पायरी तिला चढता येईना. ती हसत होती. पायरी हातानं धरून, पाय हातानं उचलून वर ठेवत होती आणि हसत होती.

मी रोपांच्या शेडमधून धावत आले. धावले नाही, मला धावता येत नाही. आले.

"बाथरूमला जाऊन आलीस?"

तिनं मान हलवली.

"रंग?"

तिनं दुसरा पाय हातानं उचलून वर ठेवला.

"प्राजू, काकवीसारखा?"

"...हो."

"सकाळी खाल्लं होतंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ओसरीवर बसलेल्या आजीकडे बघितलं.

"मंगळवार आहे, आई."

गुंडाळी गाईला जात होती. मंगळवारची गाईला, बाकीच्या दिवसांचीही बऱ्याचदा गाईलाच.

"तुला मी नको म्हटलं होतं ना?"

"आजी म्हणाली, निम्म्यात सोडलं तर तुझ्यावर उलटेल," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच होता."

मी आत गेले, गूळ पाण्यात कालवला आणि तिला प्यायला लावला. भाऊसाहेबांना फोन केला, गाडी आणा, बघू म्हणू नका. परत आले तर आत्या तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"धन्याचं पानी हाय. उन्हाळी लागली आसंल, ऊन केवढं..."

मी तो तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि अंगणात ओतला.

"पान्यानं काय वाईट हुतं?" त्या म्हणाल्या.

"पाण्यानं नाही होत, आत्या. ते पिऊन थांबण्यानं होतं."

आम्ही थांबलो नाही. म्हणून सलाईनवर भागलं, तिला यंत्र लागलं नाही. एवढीच एक गोष्ट माझ्या आजारानं या घराला दिली. वाचणाऱ्यांना माझं सांगणं हेच आहे. कष्टानंतर मांड्या ठणकल्या आणि लघवीचा रंग काळपट झाला तर ती उन्हाळी नाही. घरगुती पाणी पाजत रात्र काढू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी उपवास होता हे सांगा.

तपासणी झाली. प्राजूलाही तोच आजार आहे.

ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, "नात्यात लग्न का केलंस तू?"

"मला कुणी विचारलं होतं?"

"मग नाही म्हणायचंस."

"तू मंगळवारला नाही म्हणालीस?"

त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

मैदानी चाचणीला ती गेली. मी अडवलं नाही. खाऊन गेली, वाटेत केळी खाल्ली. आठशे मीटर म्हणजे आमच्यासाठी जमण्यासारखं असतं. ती चांगली पळाली, यादीत नाव आलं. लेखी परीक्षेला ती बसली नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की पळणं ही अडचण नाही. कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण, आणि नंतर बंदोबस्तात उपाशीपोटी काढलेले दिवस, ही अडचण आहे. गावात म्हणतात, पोरगी पेपरला घाबरली. म्हणू देत. ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी तिनं तिचे पळायचे बूट मैत्रिणीला देऊन टाकले, आणि मापाला बसतात का हेही तिथंच उभं राहून बघितलं.

गहू

या वर्षीचं नवरात्र आलं. लवंगेचा उपवास कोण धरणार, हे आत्यांनी विचारलं नाही, पण त्या चार दिवस आधीपासून उसासे टाकत होत्या. शेवटी घट त्यांनीच बसवला. गुडघे धरत, भिंतीला टेकत. परडीत माती, मातीत गहू, मध्ये घट. मला हात लावायला बंदी, म्हणून मी शेडमध्ये माझी रोपं बघत होते. माझा जन्म बी उगवण्यात गेलाय. गव्हाला माती लागते, पाणी लागतं, थोडा उजेड लागतो. पाणी घालणाऱ्या बाईचं पोट भरलेलं आहे की रिकामं, हे गव्हाला कळत नाही. हे मी आत्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना वाकताच येईना. मी स्वयंपाकघरात माझं ताट घेऊन बसले होते. त्यांनी हाक मारली, "प्राजे, अंघोळ करून ये गं. घटाला पानी घालायचंय."

प्राजू आली. अंघोळ झालेली होती. ती आधी स्वयंपाकघरात आली, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि ते घेऊन बाहेर गेली. घटासमोर, आजीच्या डोळ्यांदेखत, मांडी घालून बसली आणि जेवायला लागली.

"अगं, घट बसलाय," आत्या म्हणाल्या.

"बसू दे. मला काही म्हणत नाही तो."

"प्राजे!"

"पाणी मी घालते, आजी. पण जेवून घालते. चालत नसेल तर सांग, तसंच राहू दे."

मी दारात उभी होते. आत्या माझ्याकडे बघतील, मला काही बोलतील, असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग कोरड्या पडत चाललेल्या मातीकडे.

"घाल बाई," त्या म्हणाल्या. "पन आधी हात धू."

मी याला मन बदलणं म्हणणार नाही. आत्यांना वाकता येत नव्हतं, मला बंदी होती आणि प्राजूशिवाय घरात तिसरी बाई नव्हती. तेवढंच कारण. प्राजूशी माझंही सगळं निवळलंय असं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती ताट घेऊन बाहेर गेली नाही. स्वयंपाकघरात माझ्या समोर बसली. न बोलता, पण समोर. आम्ही दोघी रोज घरात सगळ्यांच्या आधी जेवायचो, मग ती हात धुऊन पाणी घालायची.

शेवटच्या माळेला गहू वीतभर उगवला होता, हिरवागार, दाट. आत्या कौतुकानं त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "देवीनं सांभाळून घेतलं."

श्रेय पुन्हा दुसऱ्यालाच गेलं. आमची जेवणं तोवर झाली होती.